वजाबाकीचं पाणी

मे महिना अर्धा सरला की रत्नागिरीच्या सड्यावर हिरवं म्हणून फारसं काही उरत नाही. कातळ तापून काळा पडलेला असतो, गवत करपून त्याचा भुसा झालेला असतो. अशा दिवसांत रस्त्याच्या कडेला हात-दोन हात लांबीचा गवताचा हिरवागार पट्टा दिसला, तर वाटसरूला बरं वाटतं; पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनच्या कपाळाला मात्र आठी पडते. त्या पट्ट्याखालून नळयोजनेची वाहिनी गेलेली असते आणि तिचा एखादा जोड सुटलेला असतो. गळती शोधण्याची ही सगळ्यात जुनी आणि फुकटची रीत. तिला यंत्र लागत नाही, नकाशा लागत नाही. फक्त उन्हाळा लागतो.

पावसाळ्यात ही रीत निकामी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो, तिथे जूननंतर सगळंच हिरवं आणि सगळंच ओलं. त्यात नळाचं पाणी कुठलं आणि आभाळाचं कुठलं, हे कोण सांगणार? शिवाय उन्हाळ्यातही हिरवा पट्टा एवढंच सांगतो की इथे गळतंय. किती गळतंय, कधीपासून गळतंय आणि अशा न दिसणाऱ्या गळत्या मिळून शहराचं किती पाणी पितात, याचं उत्तर गवताकडे नसतं. ते उत्तर पाणीपुरवठा विभागाच्या दप्तरात एका टक्केवारीच्या रूपात असतं. ही टक्केवारी तयार कशी होते, ती गोष्ट मोठी गमतीची आहे, आणि थोडी काळजीचीही.

रत्नागिरी शहराचं पाणी मुख्यतः शीळ आणि पानवल या दोन धरणांचं. पानवलचं पाणी नैसर्गिक उताराने, वीज न जाळता शहराकडे येतं. शीळचं मात्र पंपाने उचलून साळवी स्टॉपच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत चढवावं लागतं. शहर तसं दुमजली आहे. मारुती मंदिर, माळनाका, नाचणे हा वरचा, सड्यावरचा मजला. बाजारपेठ, मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा हा समुद्राला टेकलेला खालचा. पाणी आधी वर चढवायचं आणि मग खाली सोडायचं. शहराला लागूनच औद्योगिक विकास महामंडळाची वेगळी पाणीयोजना आहे, काजळी नदीवरच्या हरचिरीची. महामंडळ पाणी विकतं ते घनमीटरच्या भावाने, म्हणजे मीटर बघून. महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांत मात्र घरगुती पाणीपट्टी वर्षाला ठोक रकमेने घेतली जाते: अर्ध्या इंची जोडणीला इतके, पाऊण इंचीला इतके. एका बाजूला वाण्याची वही, दुसऱ्या बाजूला अंदाजपंचे.

पाणी उचलायला वीज लागते, म्हणून गळतीचा हिशेब पैशांतही मांडता येतो. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला, पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता साठ टक्के धरली तर, साधारण ०.४५ युनिट वीज जळते. रोज एक कोटी लिटर उचलणाऱ्या गावाचे दिवसाला साडेचार हजार युनिट झाले. त्यातलं एकतृतीयांश पाणी जमिनीत मुरत असेल तर रोज दीड हजार युनिट वीज कातळाला पाणी पाजण्यात गेली. क्लोरिन आणि तुरटी वेगळी.

आता टक्केवारीकडे.

सगळा हिशेब एका वजाबाकीवर उभा आहे. योजनेत किती पाणी आलं, त्यातून लोकांपर्यंत किती पोहोचलं हे वजा केलं, की उरलं ते नुकसान. शाळेतल्या पोराला जमेल असं गणित. अडचण इतकीच, की वजाबाकीतले वरचे दोन्ही आकडे मोजलेले असतील तरच खालच्या बाकीला अर्थ आहे. छोट्या शहरांत नेमकं इथेच घोडं अडतं. धरणावर प्रवाहमापक नसेल, किंवा असूनही बंद पडलेला असेल, तर येणारं पाणी पंपाच्या तासांवरून काढतात: पंपाच्या पाटीवर ताशी क्षमता लिहिलेली असते, लॉगबुकात किती तास चालला ते लिहिलेलं असतं, दोघांचा गुणाकार. घराघरांत मीटर नसतील तर वापरलेलं पाणी लोकसंख्येवरून काढतात: माणशी १३५ लिटर, गुणिले माणसं.

समजा, ऐंशी हजार वस्तीचं एक गाव आहे. पंपाच्या हिशेबाने रोज १५० लाख लिटर पाणी येतं. माणशी १३५ लिटरने वापर झाला १०८ लाख लिटर. बाकी ४२ लाख, म्हणजे गळती २८ टक्के. आता पंप दहा वर्षांचा आहे, त्याचे पंखे झिजलेत आणि तो पाटीवरच्या क्षमतेपेक्षा दहा टक्के कमी पाणी फेकतो, असं निघालं. म्हणजे येणारं पाणी १३५ लाखच. बाकी राहिली २७ लाख, गळती २० टक्के. वीस टक्क्यांच्या राष्ट्रीय मानकात बसली! तेवढ्यात कोणी शंभर घरांना तात्पुरते मीटर बसवून पाहिलं आणि माणशी वापर १३५ नव्हे, ११० लिटरच आहे असं आढळलं. वापर ८८ लाख, बाकी ४७ लाख, गळती जवळपास ३५ टक्के. या सगळ्या उलाढालीत रस्त्याखालचा एकही पाइप जागचा हललेला नाही आणि एक थेंबही कमी-जास्त गळलेला नाही. गळती कोणी मोजलीच नव्हती, ती उरली होती.

असल्या उरलेल्या आकड्यांचा घोळ आजचा नाही. इसवी सन ९७ मध्ये रोमचा सम्राट नर्व्हा याने सेक्स्टस ज्युलियस फ्राँटिनस या वयोवृद्ध सेनानीला राजधानीच्या पाण्याचा अधिकारी नेमलं. फ्राँटिनसने कामाला हात घालण्याआधी जुनी दप्तरं मागवली. क्विनारिया हे तिथलं माप. दप्तराप्रमाणे सगळ्या कालव्यांतून मिळून १२,७५५ क्विनारिया पाणी शहराला येत होतं आणि वाटप होत होतं १४,०१८ क्विनारिया! आलं त्यापेक्षा १,२६३ जास्त वाटलं. चोरी सोडाच, इथे तर पाणी वाटेत वाढत होतं. फ्राँटिनस स्वतः उगमांपर्यंत गेला, मापं घेतली, तेव्हा कळलं की मुळात येणारं पाणी दप्तरापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि मधला भाग पाणके परस्पर विकून खातायत. रस्त्याखालच्या नळांना त्यांनी चोरून भोकं पाडून ठेवली होती. त्याने ते चोरनळ उपटून काढले, त्यातून बरंच शिसंही सापडलं.

गंमत अशी, की फ्राँटिनसचं स्वतःचं मापही पुरतं खरं नव्हतं. तो पाण्याच्या धारेचं तोंड किती रुंद, एवढंच मोजायचा; धारेचा वेग हिशेबात धरणं त्याला जमलं नाही. पण दप्तरातला जमाखर्च जुळत नाही म्हणून अधिकाऱ्याने उगमावर जाऊन मोजमाप घ्यावं, ही पद्धत त्याची. दोन हजार वर्षांनंतरही ती जिथे पाळली जाते तिथे पाणी सापडतं.

आधुनिक काळातली अडचण आणखी वेगळी होती. प्रत्येक देश ‘गळती’ हा शब्द आपापल्या सोयीने वापरायचा. कोणी अग्निशमनाचं पाणी गळतीत धरायचं, कोणी सार्वजनिक नळांचं, तर कोणी बिल न भरणाऱ्यांचं. म्हणून आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० साली पाण्याच्या ताळेबंदाचा एक ठरावीक तक्ता मांडला, आणि त्यामागे ॲलन लँबर्ट या ब्रिटिश अभियंत्याचं मोठं काम होतं. तक्ता तसा साधा आहे. योजनेत आलेलं पाणी दोन वाटांनी जातं: अधिकृत वापर आणि नुकसान. अधिकृत वापरात बिल झालेलं पाणी येतं, तसंच बिल न झालेलंही: अग्निशमन दलाचं, सार्वजनिक नळकोंडाळ्यांचं, वाहिन्या धुण्याचं. नुकसानाचे पुन्हा दोन भाग. एक कागदी नुकसान: चोरीच्या जोडण्या, सुस्त मीटर, चुकीच्या नोंदी. हे पाणी कोणाच्या तरी पोटात जातं, फक्त त्याचा पैसा येत नाही. दुसरं खरं नुकसान: फुटलेल्या वाहिन्या, सुटलेले जोड, भरून वाहणाऱ्या टाक्या. हे पाणी कोणालाच मिळत नाही. बिल न झालेलं पाणी आणि दोन्ही नुकसानं यांची बेरीज म्हणजे महसूल न देणारं पाणी, सरकारी कागदांतलं ‘एनआरडब्ल्यू’.

हा भेद वरवर पाहता कारकुनी वाटेल, पण उपाय त्यावरच ठरतो. कागदी नुकसानाला मीटर आणि धाक लागतो. खऱ्या नुकसानाला फावडं आणि नवा पाइप. दोन्ही एकाच टक्केवारीत कोंबलं, की खोदायचं कुठे आणि दंड कोणाला करायचा, हे कळेनासं होतं. मग बहुधा तिसराच उपाय निवडला जातो: नवं धरण, नवी योजना.

मुंबईचं उदाहरण घ्या. शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं आणि त्यातलं पाव ते एकतृतीयांश महसूल न देता नाहीसं होतं, असं पालिकेचेच अंदाज वर्षानुवर्षं सांगत आलेत. पावच धरलं तरी साडेनऊशे दशलक्ष लिटरच्या पुढे जातं. मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरं झालं तेव्हा मुंबईला ४५५ दशलक्ष लिटरची भर पडली. म्हणजे मुंबई रोज दोन मध्य वैतरणा हरवते. निखिल आनंद या मानववंशशास्त्रज्ञाने मुंबईच्या पाण्यावर ‘हायड्रॉलिक सिटी’ हे पुस्तक २०१७ साली लिहिलं. गळतीचा आकडा अभियंत्यांच्या हातून सारखा का निसटतो, हा त्यातला एक धागा आहे. हजारो किलोमीटरच्या जुन्या जाळ्यात, रोज काही तासच पाणी वाहत असताना, कुठलं पाणी चोरलं गेलं आणि कुठलं मुरलं हे वेगळं काढणं अभियंत्यालाही कठीणच जातं.

‘काही तासच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जगातली गळती मोजण्याची सगळ्यात भरवशाची युक्ती आहे मध्यरात्रीची. रात्री दोन ते चारच्या दरम्यान सगळं शहर झोपलेलं असतं, नळ बंद असतात. तेव्हा वाहिनीत जे पाणी वाहताना दिसतं ते बहुतेक गळतीचंच. पण ही युक्ती चोवीस तास पाणी असलेल्या शहराची. जिथे सकाळी दोन तास पाणी येतं तिथे रात्री वाहिनी कोरडी. आणि पाणी येतं तेव्हा शहरातले सगळे नळ, सगळे टुल्लू पंप, सगळ्या हौदांचे पाइप एकदमच सुरू होतात. त्या गदारोळात गळतीचा आवाज कोणाला ऐकू यावा?

तुटक पुरवठ्याचे घाव मीटरवरही पडतात. कोरड्या वाहिनीत पाणी सोडलं की आधी हवा पळत सुटते आणि ती मीटरची चक्रं गरागरा फिरवते, तेव्हा गृहिणी म्हणते, ‘पाणी यायच्या आधीच मीटर पळतोय.’ ती खरं बोलत असते. रोज भरण्याने आणि रिकामं होण्याने जोडांना हिसके बसतात ते वेगळेच. सगळ्यात वाईट म्हणजे, दाब उतरला की ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून गटाराचं पाणी आत येऊ शकतं. गळती हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न राहत नाही, तो दवाखान्यापर्यंत पोहोचतो.

तुटक पुरवठा गळती लपवतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. २० मीटर उंच पाण्याएवढ्या दाबाखाली असलेल्या वाहिनीला तीन मिलिमीटरचं भोक पडलं, म्हणजे मेथीच्या दाण्याएवढं, तर ताशी साधारण ३०० लिटर पाणी जातं. चोवीस तास पाणी असेल तर दिवसाला सात हजार लिटरच्या वर, पन्नासएक माणसांची दिवसाची गरज. पाणी दोनच तास येत असेल तर फक्त सहाशे लिटर. भोक तेच. म्हणून दोन तास पाणी देणाऱ्या शहराने ‘आमची गळती २० टक्केच आहे’ असं सांगितलं तर टाळ्या वाजवण्याआधी एक गुणाकार करावा. दोन तासांत येणाऱ्या पाण्याचा पाचवा हिस्सा गळतो, तर त्याच वाहिन्यांत चोवीस तास तेवढाच दाब ठेवला तर गळती बारापट होईल. आज शहराला मिळणाऱ्या एकूण पाण्याच्या जवळजवळ अडीचपट. चोवीस तास पाण्याची घोषणा सोपी आहे. त्याआधी वाहिन्या बदलाव्या लागतात.

बेळगावकरांनी हे जवळून पाहिलंय. राकसकोपच्या पाण्यावर वाढलेल्या या शहरात जागतिक बँकेच्या मदतीने कर्नाटकाने २००८ साली दहा प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू केलं. हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यातही असेच प्रयोग-प्रभाग निवडले. आधी बेत होता जुन्या जाळ्यातल्या गळत्या शोधून बुजवण्याचा. तपासणीला सुरुवात झाली तेव्हा लक्षात आलं की ठिगळं लावण्यापेक्षा कापड बदलणं स्वस्त. मग त्या प्रभागांतल्या वाहिन्या आणि घरांच्या जोडण्या जवळजवळ सगळ्याच नव्या घातल्या, प्रत्येक जोडणीला मीटर लावला, प्रत्येक भाग वेगळा बंद करता येईल असा तोडला. त्यानंतर तिथली गळती दहा टक्क्यांच्या खाली आली. पण शहराचे उरलेले प्रभाग पुढची कित्येक वर्षं जुन्याच जाळ्यावर, जुन्याच तासांवर राहिले, हेही त्याच गोष्टीत येतं.

महाराष्ट्रातलं ठळक नाव कऱ्हाडजवळच्या मलकापूरचं. तीसेक हजार वस्तीच्या या गावात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने २००८-०९च्या सुमारास चोवीस तास मीटरवर पाणी सुरू झालं. जोडांचा त्रास नको म्हणून एचडीपीई वाहिन्या घातल्या, घरांना दुरून वाचता येणारे मीटर बसवले आणि दर टप्प्याटप्प्याने चढता ठेवला: थोडं वापरा, थोडं द्या; बाग शिंपा, जास्त द्या. मलकापूरची थोरवी पाइपांत कमी आणि हिशेबात जास्त आहे. तिथे वजाबाकीतले दोन्ही आकडे मोजलेले आहेत. त्याच सुमारास राज्याने सुजल निर्मल अभियान काढलं, त्यात पाणी लेखापरीक्षण, ऊर्जा लेखापरीक्षण आणि मोठे प्रवाहमापक बसवणं ही पहिली पायरी धरली होती. नव्या योजनेला पैसे हवेत? आधी आहे त्या पाण्याचा हिशेब दाखवा, असा त्याचा रोख. रोख बरोबर होता.

दिल्लीहूनही त्याच वर्षी, २००८ मध्ये, केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने सेवा-मानकांची पुस्तिका काढली. माणशी १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, शंभर टक्के मीटर आणि महसूल न देणारं पाणी वीस टक्क्यांपर्यंत, ही त्यातली मानकं बऱ्याच जणांच्या तोंडी आहेत. तेराव्या वित्त आयोगाने नगरपालिकांनी आपले आकडे दरवर्षी राजपत्रात छापावेत, अशी अट कामगिरी-अनुदानाला घातली. त्या पुस्तिकेतली एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. प्रत्येक आकड्यापुढे त्याच्या विश्वासार्हतेची श्रेणीही लिहायची आहे, ‘अ’पासून ‘ड’पर्यंत. येणारं आणि जाणारं दोन्ही पाणी मीटरने मोजलं असेल तर ‘अ’. मीटरच नाहीत, सगळा अंदाज आहे, तर ‘ड’. ‘गळती २० टक्के, श्रेणी ड’ याचा साध्या मराठीत अर्थ ‘कल्पना नाही’ असा होतो. पण वर्तमानपत्रात येताना २० टक्के येतात आणि ‘ड’ वाटेत गळतो.

प्रामाणिकपणाचं बक्षीसही उलटं मिळतं. आजवर पंपाच्या तासांवर हिशेब ठेवणाऱ्या नगरपरिषदेने मीटर बसवले, तर पहिल्या वर्षी गळतीचा आकडा फुगण्याचीच शक्यता जास्त. पूर्वी ‘२० टक्के, ड’ होता, आता ‘३८ टक्के, अ’ झाला. सभागृहात ओरड होते: इतका खर्च करून गळती वाढली! खरं तर तो पैसा पहिल्यांदाच सत्कारणी लागलेला असतो. हे सभागृहाला पटवून देईल असा मुख्याधिकारी भेटायला नशीब लागतं.

टक्केवारीचा आणखी एक दोष आहे. पुरवठा वाढला की गळती तेवढीच राहूनही टक्का उतरतो. उन्हाळ्यात कपात केली की नुसत्या भागाकाराने तो वर-खाली होतो. म्हणून जाणकार हल्ली टक्क्यांऐवजी दर जोडणीमागे दिवसाला किती लिटर गळतं, तेही वाहिनीत पाणी असतानाच्या तासांवरून, असं माप पसंत करतात. लँबर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये याच्याही पुढे जाऊन, कितीही काळजी घेतली तरी न टळणारी गळती किती, याचं सूत्र मांडलं: वाहिनीच्या दर किलोमीटरला १८ लिटर, दर जोडणीला ०.८ लिटर, आणि हे दाबाच्या प्रत्येक मीटरमागे, दिवसाला. घराच्या आवारातल्या पाइपचा भाग वेगळा. १२० किलोमीटर वाहिन्या, १२ हजार जोडण्या आणि २५ मीटर दाब असलेल्या गावाला ही न टळणारी गळती दिवसाला तीन लाख लिटरच्या आतबाहेर येते. त्यात वाहिन्यांचा वाटा पाचवा हिस्सासुद्धा नाही; बाकी सगळी घरांच्या जोडण्यांची. फेरूल, वाकडी कोपर, गंजलेला अर्धा इंची जीआय पाइप.

हेच सहसा उलटं दिसतं. मोठी वाहिनी फुटली की कारंजं उडतं, फोटो छापून येतो, तासाभरात माणसं धावतात. ताशी २५ हजार लिटर जरी गेलं आणि आठ तासांत दुरुस्ती झाली, तरी गेले दोन लाख लिटर. एखाद्या घराच्या जोडणीतून ताशी पाचशे लिटर मुकाट्याने झिरपत राहिलं आणि सहा महिने कोणाला कळलं नाही, तर चोवीस तास दाबाच्या जाळ्यात एकवीस लाख लिटरहून जास्त जातं. ती बातमी होत नाही.

कोकणात या मुकाट्याच्या गळतीला जांभा साथ देतो. काळ्या मातीच्या गावात वाहिनी फुटली की चिखल होतो, पाणी वर येतं. जांभा सच्छिद्र, भेगांचा. पाणी खालच्या खाली निघून जातं आणि पार खालच्या अंगाला कुठल्या तरी परसात, विहिरीत किंवा पऱ्ह्यात उगवतं. तिथल्या मालकाला वाटतं, देवाची कृपा. किनाऱ्याकडच्या खाऱ्या जमिनीत लोखंडी वाहिन्या लवकर गंजतात. त्यात दुमजली शहराचा उतार. दर दहा मीटर खाली गेलं की वाहिनीतला दाब चौरस सेंटीमीटरमागे साधारण एक किलोने वाढतो, आणि मधे दाब तोडण्याची सोय नसेल तर खालच्या आळीतल्या जुन्या जोडांना तो सोसावा लागतो. दाब आणि गळती यांचं नातं जवळपास सरळ आहे: दाब तीसवरून वीस मीटरवर आणला तर गळती तिसऱ्या हिश्श्याने उतरते. एक फावडंही न मारता. वरच्या आणि खालच्या भागांच्या टाक्या वेगळ्या ठेवणं, खालच्या वाहिनीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणं, अशी ही कामं. त्यांचं उद्घाटन करता येत नाही, ही त्यांची मुख्य अडचण.

भरपूर पावसाच्या मुलखात टँकर हे दृश्य कोकणालाच ठाऊक आहे असं नाही. इंग्लंडमधला यॉर्कशायर हा ओला परगणा. पण १९९५च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर तिथल्या पाणी कंपनीला शेकडो टँकर रात्रंदिवस पळवावे लागले. लोक चिडले ते पाऊस कमी पडला म्हणून नव्हे, तर आपल्या पाण्याचा मोठा हिस्सा कंपनीच्या पाइपांतून गळतोय हे कळल्यावर. त्यानंतर, १९९७पासून, इंग्लंड-वेल्समधल्या कंपन्यांना गळतीची सक्तीची उद्दिष्टं आली. टोकियोत युद्ध संपलं तेव्हा सुमारे ८० टक्के पाणी गळत होतं, आता तीनेक टक्के गळतं. तिथे घरांच्या जोडण्यासुद्धा स्टेनलेस स्टीलच्या आहेत. पण श्रीमंत शहराचं उदाहरण इथल्या माणसाला पटत नाही, आणि ते साहजिक आहे. त्यापेक्षा कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह बघावी. १९९३ साली युद्धातून उठलेल्या या शहरात ७२ टक्के पाणी हरवत होतं आणि नळाला दिवसाचे दहा तास पाणी. ‘एक सोन चान’ (‘एक’ हा नावाचाच भाग) हे अभियंते पाणीपुरवठ्याचे प्रमुख झाले. त्यांनी मीटर बसवले, गिऱ्हाइकांची यादी घरोघर फिरून नव्याने लिहिली, चोरीच्या जोडण्या तोडल्या. त्यात एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखल्याचा किस्सा ते सांगत असत. दीड दशकात नुकसान सहा टक्क्यांच्या आसपास आलं आणि २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नॉम पेन्हची सुरुवात यादीपासून झाली होती.

मोजायला सुरुवात करण्यासाठी लगेच कोटींची निविदा लागते असंही नाही. गावातल्या प्रत्येक उंच टाकीला बाहेरून एक पट्टी असते आणि आतल्या तरंगत्या ठोकळ्याला दोरीने बांधलेला काटा त्यावर वर-खाली सरकतो. पुष्कळ ठिकाणी तो गंजून अडकलेला असतो. आधी तो मोकळा करावा लागेल. मग एक रात्र निवडायची, शक्यतो पाऊस नसलेली. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी सोडायचं, म्हणजे घरोघरचे हौद आणि गच्चीवरच्या टाक्या भरून होतात. साडेअकराला टाकीत येणारं पाणी बंद करायचं, गावाकडे जाणारं चालू ठेवायचं, आणि बारा वाजता काटा आहे तिथे खडूने खूण करायची. बारा मीटर व्यासाच्या टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली की सुमारे ११३० लिटर गेलं. पहाटे तीनला पुन्हा खूण. उतार तीस सेंटीमीटर निघाला तर तीन तासांत चौतीस हजार लिटर, माणसं झोपलेली असताना. दुसऱ्या रात्री एक व्हॉल्व्ह बंद करून हेच करायचं, तिसऱ्या रात्री दुसरा. ज्या व्हॉल्व्हला काटा थबकतो, त्याच्या पलीकडच्या आळीत गळतीचा आवाज ऐकत सळई कानाला लावून फिरायचं.